कमरेला घोडा असताना होणाऱ्या फजित्या

शस्त्राचं लायसन निघालं की माणूस आधी बोर (नळीचं माप) विचारतो, मग किंमत, मग वजन. होल्स्टरचा, म्हणजे शस्त्राच्या कमरेच्या म्यानाचा, विषय दुकानदाराने काढला तरच निघतो आणि पट्ट्याचा तर निघतच नाही. मग लाखाच्या वरची रिव्हॉल्वर, म्हणजे बोलीतला ‘घोडा’, बाजारातल्या दोनशे रुपयांच्या पट्ट्याला लोंबकळते, आणि गडी दर दोन मिनिटांनी पँट वर ओढत फिरतो.

आपल्याकडे विदर्भात कमरेला शस्त्र ठेवणारे कोण? जिनिंगवाला, सराफ, पेट्रोल पंपाचा मालक, तेंदूपत्त्याचा ठेकेदार, एखादा निवृत्त फौजी. यातल्या बहुतेकांवर गोळी झाडायची वेळ उभ्या जन्मात येत नाही. वाकायची वेळ मात्र दिवसातून पन्नासदा येते. फजिती होते ती तिथेच: मांडवात, पंगतीत, संडासात, फटफटीवर.

‘दिसली तर दिसली, लायसन आहे ना’ असं म्हणणारे बरेच भेटतात. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ वाचला तर ही भाषा बंद होईल. सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावं, ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा असावा, असं तो नियम सांगतो. शर्टाखालून मूठ डोकावणं ही नुसती लाजेची गोष्ट नाही, तो नियमाचा भंग आहे. दाखवून दहशत बसवणं तर त्याहून पुढचं.

आता वाकण्याचं बघू. शस्त्र कमरेवर कुठे आहे हे सांगायला घड्याळ सोपं पडतं. बेंबी म्हणजे १२, उजवा खुबा म्हणजे ३, पाठीचा कणा म्हणजे ६. आपल्याकडची जुनी सवय ६ वर खोचायची, कारण समोरून काहीच दिसत नाही. पण लग्नात काकाजी दिसले, मामाजी दिसले की कमरेतून वाकून पाया पडावंच लागतं. वाकलं की शर्ट पाठीवर वर सरकतो आणि मागच्या रांगेतल्या सगळ्या सोयऱ्यांना काळी मूठ दिसते. ज्याच्या पाया पडलो त्यालाच तेवढं कळत नाही. ३ आणि ४ च्या मध्ये ठेवलं तर मूठ बरगडीखालच्या खोलगट जागेत बसते. होल्स्टर थोडं तिरपं, म्हणजे मूठ पुढे झुकलेली आणि नळीचं तोंड किंचित मागे, असं असेल तर वाकल्यावर मूठ शर्टाला मागून ढकलत नाही. दहा-पंधरा अंशांचा तिरपेपणा पुरे.

तरीही पाया पडताना कमरेतून वाकू नये. डावा गुडघा टेकवायचा, पाठ सरळ ठेवायची आणि हात पुढे न्यायचे. बघणाऱ्याला वाटतं, पोरगा किती संस्कारी. खाली पडलेली किल्लीही अशीच उचलायची. शर्ट घेताना दुकानातच दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. शर्टाची खालची कड पट्ट्याच्या वर गेली तर तो शर्ट या कामाचा नाही. पट्ट्याखाली चार बोटं कापड राहिलं पाहिजे.

कुर्ता लांब असतो म्हणून पुढारी मंडळी निर्धास्त असतात. पण कुर्त्याला दोन्ही बाजूंनी चीर असते, आणि ती उघडते नेमकी खुब्यावर, जिथे होल्स्टर असतं. खुर्चीवर बसलं की पुढचा भाग मांडीवर, मागचा भाग बुडाखाली, आणि मधल्या फटीतून सामान थेट बाहेर. टेलरकडून ती चीर चार बोटं खालपर्यंत शिवून घेतली की प्रश्न मिटतो. पन्नास रुपयांचंही काम नाही. कापडाचं म्हणाल तर मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पांढरा पातळ कपडा घामाने अंगाला चिकटतो आणि आतली काळी आकृती कागदावर काढल्यासारखी उमटते. बारीक चौकड्या किंवा छापील कापड डोळ्याला फसवतं. जाडसर खादी चालते. उन्हाळ्यात आपल्याकडे पुरुषांच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. तो उजव्या बाजूने खाली सोडला की निम्मं काम तोच करतो, आणि कोणी विचारतही नाही.

पायजम्याचं मात्र काही खरं नाही. नाडी सुती असते, ती लंगोटासारखी ताणून बांधली तरी पाऊण किलोचं वजन तिला पेलत नाही. ते एका बाजूला ओढतं आणि नाडीची गाठ बेंबीवरून सरकत खुब्याकडे जाते. क्लिपचं होल्स्टर नाडीला लावणारे लोक पाहिले की त्या नाडीचीच दया येते. ज्याला पायजमाच घालायचा आहे त्याने आतून वेगळा पट्टा बांधावा, नाहीतर रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टा घ्यावा. पोटपट्ट्यात घाम फार येतो, पण वजन तरी जागेवर राहतं. पँट असेल तर दुहेरी चामड्याचा, ३८ ते ४० मिलिमीटर रुंद पट्टा, आणि होल्स्टरला दोन लूप. एका लूपचं होल्स्टर चालताना घड्याळाच्या लंबकासारखं झुलतं.

कुर्त्याच्या बाजूच्या खिशात तर मुळीच टाकू नये. तिथे ते गुडघ्याच्या वर लोंबतं आणि दाराच्या चौकटीला, बाकड्याला, ट्रॅक्टरच्या मडगार्डला आपटतं. तो ‘ठक्’ आवाज लोखंडाचा आहे हे लहान पोट्ट्यालाही कळतं. त्याच खिशात खर्र्याची पुडी असेल तर आणखी मजा. पन्नी फुटते, सुपारीची भुकटी आणि चुना आत शिरतो. चुना ओलसर असतो आणि लोखंडावर डाग पाडतो. सुपारीचा कण शस्त्राच्या घोड्यापुढे, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीपुढे, अडकला तर घोडा पूर्ण आपटत नाही. खर्रा डाव्या खिशात ठेवा, किंवा सोडा. दुसरा सल्ला कोणी ऐकणार नाही, हे माहीत आहे.

नाडीचा आणखी एक धोका आहे, आणि त्याला फजिती म्हणता येणार नाही. शस्त्र होल्स्टरमध्ये परत सरकवताना नाडीचं टोक, कुर्त्याचा कोपरा किंवा जॅकेटच्या दोरीचा प्लास्टिकचा मणी चापाच्या कडीत अडकतो. हात खाली दाबतो, कापड वर ओढतं, चाप मागे जातो. गोळी मांडीतून खाली जाते. जुनं, मऊ पडलेलं चामड्याचं होल्स्टरही हेच करतं. त्याचं तोंड आत दुमडतं आणि ती घडी बोटासारखी चापावर बसते. होल्स्टरचा बटणाचा पट्टा उघडा लोंबत असेल तर तोही आत जातो. म्हणून होल्स्टरचं तोंड रिकामं असतानाही उघडं राहील इतकं ताठ हवं. परत ठेवताना डाव्या हाताने कापड बाजूला धरायचं आणि नजर तिकडे ठेवायची. उजव्या हाताचा अंगठा घोड्याच्या पाठीवर ठेवायचा. चाप कशाने दाबला जात असेल तर घोडा उठू लागतो आणि अंगठ्याला लगेच कळतं. काढायची घाई समजू शकते. ठेवायची घाई कशाला?

मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो. तिच्या पाठीला आडव्या फटी असतात. ५ किंवा ६ वर शस्त्र असलेला माणूस मागे रेलून बसला की मूठ बरोबर फटीत जाते. नवरदेव आला म्हणून सगळे उठतात तेव्हा खुर्चीही सोबत उठते. हाताच्या खुर्चीत ३ वर असेल तर मूठ हातावर टेकते आणि शर्टाचा तिथेच डोंगर होतो. बिनहाताची खुर्ची किंवा सतरंजी बरी. पंगतीत मांडी घालून बसताना पट्टा पोटात रुततो आणि होल्स्टर वर ढकललं जातं. त्यामुळे बसण्याआधी पट्टा एक भोक सैल करायचा, उठल्यावर पुन्हा आवळायचा. उजव्या हाताला भिंत किंवा खांब असलेली जागा धरायची. वाढप्या वांग्याची भाजी घेऊन उजवीकडून वाकतो आणि त्याचा गुडघा नेमका तिथेच लागतो.

दसऱ्याला सोनं देताना गळाभेट होते. समोरच्याचा हात कमरेवर आला तर त्याला लोखंड लागणार. उपाय सोपा आहे. पुढाकार आपण घ्यायचा आणि आपले हात खालून घालायचे. समोरच्याचे हात आपोआप आपल्या खांद्यावर जातात. लहान पोरं मात्र कोणाचं ऐकत नाहीत, ती मांडीवर चढतात. त्यांना डाव्या मांडीवर घ्यायचं.

आणि चाचपणं. लपवलेलं शस्त्र सगळ्यात जास्त उघडं पाडतो तो बाळगणाऱ्याचाच हात. गाडीतून उतरला की हात कमरेला, जिना चढला की हात कमरेला, कोणी जवळून गेलं की कोपर आत. नवीन माणसाला पहिले दोन-तीन महिने हे होतंच, कारण अंगाला वजनाची सवय नसते. घरी रिकामं शस्त्र लावून रोज तासभर कामं करावीत: झाडू मारावा, बकेट उचलावी, जिना चढावा. जिथे टोचतं तिथे होल्स्टर बदलावं किंवा जागा बदलावी. टोचणं बंद झालं की हात आपोआप शांत होतो.

संडासाकडे येऊ. सगळ्यात जास्त फजित्या तिथे होतात आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही तिथलंच.

पाश्चात्य कमोडवर बसणारा निदान पँट गुडघ्यांवर ठेवतो. आपल्या भारतीय भांड्यावर उकिडवं बसलं की पँट घोट्यांजवळ गोळा होते, पट्टा सैल असतो, आणि वजनाने होल्स्टर बाहेरच्या बाजूला उलटं होतं. पकड सैल असेल तर शस्त्र सरळ फरशीवर, किंवा त्याच्या पुढच्या खड्ड्यात. घसरणारं शस्त्र पकडायला माणूस झेप घेतो आणि तीच सगळ्यात मोठी चूक असते, कारण हवेत पकडताना बोट चापाच्या कडीतच जातं. पडू द्यायचं. आता बनणाऱ्या चांगल्या हत्यारांत पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आतून अडसर असतो. घोडा अडवणारा अडसर नसलेली जुनी रिव्हॉल्वर वडिलोपार्जित मिळाली असेल तर तिच्यात पाचच राउंड भरायचे आणि घोड्याखालचं घर (फिरत्या सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) रिकामं ठेवायचं. चाप ओढला की सिलिंडर फिरून पुढचं घर समोर येतं, त्यामुळे पहिल्या ओढीला गोळीच चालते.

पडूच नये यासाठी आधी घरी एक परीक्षा. शस्त्र पूर्ण रिकामं करायचं, होल्स्टरमध्ये घालायचं, गादीवर होल्स्टर उलटं धरून जोरात झटकायचं. पडलं तर ते होल्स्टर नाही, नुसती पिशवी आहे. पकड आवळायचा स्क्रू असेल तर अर्धा फेरा आवळा, नाहीतर होल्स्टर बदला. बसताना पट्टा सोडला की पँट गुडघ्यापर्यंतच खाली न्यायची, गुडघे थोडे फाकवून पट्टा पुन्हा लावायचा. ताण बसतो आणि होल्स्टर उभं राहतं. उकिडवं बसून हे जमत नसेल तर होल्स्टरसकट काढायचं आणि पायांमधे गोळा झालेल्या पँटच्या खोळीत ठेवायचं. तिथून ते न घेता उठताच येत नाही. शस्त्र होल्स्टरबाहेर काढायचं नाही.

टाकीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाच्या कोनाड्यात, दाराच्या खिळ्यावर कधीच ठेवू नये. पाणी घ्यायला डबा उचलला, बाहेरून कोणी दार ठोकलं, फोन वाजला, की माणूस पँट सावरून निघतो आणि सामान तिथेच राहतं. मंगल कार्यालयाच्या संडासात पुढचा नंबर कोणाचा असेल, सांगता येत नाही. सोयऱ्याकडे आंघोळीला जाताना नहाणीच्या देवळीत ठेवणं हाही तोच प्रकार. तांब्या घेऊन वावरात जायचं असेल तर शस्त्र घरी कुलुपात ठेवून जावं. लुंगीच्या निरीत खोचून तुरीच्या ओळींत बसणाऱ्याला परत येताना पूर्ण वावर शोधावं लागतं.

फटफटीवर ६ वरचं शस्त्र म्हणजे कण्यावर ठेवलेला दगड. पांदण रस्त्यावर खड्ड्यात चाक गेलं की तो दगड मणक्यावर आपटतो, आणि गाडी घसरून पाठीवर पडलं तर दुखापत शस्त्राचीच होते. ४ वर ठेवलं तर मागे बसलेल्याच्या गुडघ्याला लागतं, म्हणून त्याला आधी सांगितलेलं बरं. वेगात शर्टाची मागची बाजू पतंगासारखी फडफडते. शर्ट खोचता येत नसेल तर वरून पातळ जॅकेट घालून त्याची चेन कमरेपर्यंत लावावी. पाठीवरची सॅकही शर्ट वर ओढते. डब्याची सॅक काढताना आधी उजवा पट्टा काढला तर सोबत शर्टही जातो, म्हणून डावा आधी.

नाकाबंदीचं थोडं सविस्तर. गडचिरोली, गोंदियाकडे रात्री अडवणूक नेहमीची. शस्त्र कायद्याच्या कलम १९ नुसार पोलीस परवाना दाखवायला सांगू शकतात. आता बहुतेकांचा परवाना कुठे असतो? उजव्या मागच्या खिशात, होल्स्टरच्या वीतभर खाली. साहेबांनी ‘लायसन दाखवा’ म्हटलं की हात सरळ शस्त्राच्या दिशेने जातो. समोर बंदूकधारी जवान, अंधार, आणि तुमचा हात कमरेकडे. परवाना डाव्या बाजूला, वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचा. घामाने परवान्याच्या पुस्तिकेची शाई पसरते, ती आणखी एक भानगड. अडवल्यावर हात हँडलवर किंवा स्टिअरिंगवर दिसू द्यायचे आणि आधी तोंडाने सांगायचं, ‘साहेब, लायसनचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला. परवाना डाव्या खिशात आहे, काढू का?’ ते म्हणतील तसं. शस्त्र स्वतःहून काढून दाखवायचं नाही.

आपल्या भागात जिल्ह्याची आणि राज्याची हद्दही घात करते. परवान्यावर तो कुठपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा पूर्ण देश. परतवाड्याहून मुक्तागिरीला दर्शनाला जाणाऱ्याला वाटतं, हे आपलंच. पण मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात आहे, मध्यप्रदेशात. वरूडकडून पांढुर्ण्याला जाणारा संत्र्याचा व्यापारी, राजुऱ्याकडून आदिलाबादला जाणारा, गोंदियाहून बालाघाटला जाणारा, सगळ्यांचं तेच. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर शस्त्र घरी.

जंगल हा वेगळा विषय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आधी घेतलेल्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही. लायसन असलं तरी. मेळघाटातून सेमाडोहमार्गे धारणीला जाणारा ते विसरतो आणि गेटवर गाडी तपासली की आठवतं. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला कलम ३४ प्रमाणे वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. ताडोबा, नागझिरा, बोरच्या भोवतीच्या कितीतरी गावांना हे लागू होतं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ‘वाघाची भीती आहे म्हणून कमरेला बत्तीस बोर’ हे बोलणं गावात ठीक आहे, पण ते हत्यार वाघासाठी नाही, रानडुकरासाठीही नाही. जखमी डुक्कर गोळी न झाडलेल्या डुकरापेक्षा वाईट.

कोर्टाच्या, कलेक्टर ऑफिसच्या किंवा मंदिराच्या दारात धातूशोधक यंत्र वाजलं की आठवण होणं, ही सवयीच्या माणसाची फजिती. नवख्याला सतत आठवण असते. जुन्याला ते घड्याळासारखं होऊन जातं. घरातून निघताना दिवसाच्या सगळ्या थांब्यांची यादी मनात करावी. त्यात एकही बंदीची जागा असेल तर शस्त्र तिजोरीत. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून जाणं हा उपाय नव्हे. तो कप्पा स्क्रूड्रायव्हरने उघडतो.

आता कापूस. जिनिंगमध्ये हंगामात हवेत बारीक रुई उडत असते. अंगावर, पापण्यांवर, चहाच्या कपावर ती बसते, तशीच शस्त्रातही बसते, आणि तेल जास्त असेल तर तिथेच चिकटते. महिनाभरात घोड्याच्या खाचेत आणि सिलिंडरच्या मागे राखाडी वातीसारखा थर तयार होतो. चाप जड लागू लागतो, सिलिंडर अडखळत फिरतो, घोडा काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर हलका बसतो आणि गोळी उडतच नाही. बाहेरून शस्त्र चकचकीत असतं म्हणून कोणाला संशय येत नाही. हंगामात दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने कोरडी रुई काढायची आणि नंतरच तेल, तेही दोन-तीन थेंब. डाळमिलची धूळही तशीच.

तेल कोणतं? घरात खोबरेल असतं म्हणून लोक तेच लावतात. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. गोंदिया-नागपूरच्या हिवाळ्यात पहाटे ते आतमध्ये तुपासारखं बसतं आणि घोडा आळसावतो. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. कुठलंही तेल काडतुसाच्या टोपीवर पडू द्यायचं नाही. ते हळूहळू आत शिरतं आणि बार उडत नाही. उन्हाळ्यात घामातलं मीठ एका रात्रीत मुठीजवळच्या लोखंडावर तांबूस ठिपके उठवतं. रात्री कोरड्या कापडाने पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, होल्स्टरबाहेर ठेवायचं. चामडं ओल धरून ठेवतं. पट्ट्याच्या चामडी खाचांत काडतुसं महिनोन्महिने ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो आणि ती सिलिंडरच्या घरात घट्ट बसतात.

काडतुसाचं एक सांगायचं राहिलं. बत्तीसमध्ये दोन वेगवेगळी काडतुसं येतात. रिव्हॉल्वरचं एस अँड डब्ल्यू लाँग, त्याचं खोळं साधारण २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला स्पष्ट कडा. पिस्तुलाचं एसीपी, त्याचं खोळं साधारण १७ मिलिमीटर. दुकानात नुसतं ‘बत्तीसचे राउंड द्या’ म्हणू नये. एकाचं दुसऱ्यात कसंबसं बसलं तरी घालू नये.

रिकामं करतानाही माणसं घाई करतात. पिस्तुलात आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची. उलट केलं तर ओढताना वरची गोळी नळीत गेलेलीच असते आणि नंतर मॅगझिन काढून माणूस ‘रिकामं आहे’ म्हणतो. कानपूरच्या कारखान्याची वेब्लीच्या घाटणीची रिव्हॉल्वर मधून मोडते, म्हणजे बिजागरीवर उघडते. मोडली की सिलिंडरमागची चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते आणि सगळी काडतुसं बाहेर फेकते, झाडलेली आणि न झाडलेली, सगळीच. वेगाने मोडली तर ओसरीवर सहा ठिकाणी सहा, आणि एक नेमकं धान्याच्या कणगीखाली. म्हणून डाव्या तळव्याने सिलिंडर झाकून, नळी खाली, टॉवेल पसरून हळूच मोडायची.

लग्नातलं एकच वाक्य. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात गोळीबार करून कोणाच्या जीवाला धोका निर्माण केला तर कलम २५ च्या पोटकलम ९ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘दाखव ना भाऊ’ म्हणणारा साळा प्रत्येक ढाब्यावर भेटतो. त्याला परवाना दाखवा.

निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करायचा आदेश आला की काडतुसंही मोजून जमा होतात आणि पोचपावतीवर आकडा लिहिला जातो. इथे अनेकांची बोबडी वळते. परवान्याच्या नोंदीत पंचवीस, हातात चोवीस. पंचविसावं कुठे गेलं? बहुतेक वेळा धुण्यात. खिशात सुटं टाकलेलं काडतूस पँटसोबत बकेटीत जातं, साबणात रात्रभर भिजतं आणि सकाळी धुण्याच्या दगडावर ‘टण्’ वाजतं. भिजलेलं काडतूस वाळवून वापरायचं नाही आणि फेकायचंही नाही. बाजूला ठेवून हिशेबासकट दाखवायचं. खिशात सुटं ठेवायचंच नाही. एसटीत सुटे पैसे काढताना ते कंडक्टरच्या हातात जातं. घरी आल्यावर शस्त्र रिकामं करायचं, स्टीलच्या वाटीत मोजायचं, सहा असतील तर सहा, आणि आकडा वहीत लिहायचा. पाच निघाले तर त्या दिवशीचे कपडे भिजत घालायचे नाहीत.